अवर फॅमिली विझार्ड: विभक्त पालकांच्या अ‍ॅपकडून काय मिळतं, काय नाही

हे अ‍ॅप घेण्याआधी एक कागद, म्हणजे दोघांमधला करार, तयार हवा: मूल कोणत्या रात्री कोणाकडे, ने-आण कोणी आणि किती वाजता करायची, फी-औषधपाणी-क्लास यांचा खर्च कोणी किती टक्के उचलायचा. २००१ पासून चालू असलेलं अवर फॅमिली विझार्ड हा कागद चोख सांभाळतं, पण तो लिहून देत नाही. ताब्याचा वाद न मिटवता दोघं खाती उघडतात आणि तोच वाद तारीख-वेळेच्या नोंदीसह पुढे चालवतात, हा नेहमीचा घोळ.

कॅलेंडर उत्तम आहे. चौदा दिवसांचं चक्र एकदा भरलं की पुढचे महिने आपोआप उमटतात, प्रत्येकाचे दिवस वेगळ्या रंगात. चक्र मात्र विचार करून निवडा. २-२-३ पद्धतीत दोन रात्री एकाकडे, दोन दुसऱ्याकडे, तीन पुन्हा पहिल्याकडे, आणि पुढच्या आठवड्यात उलट. रात्री सात-सात होतात, पण मुलाची घरबदल सहा वेळा. २-२-५-५ मध्ये (दोन, दोन, पाच, पाच रात्री आळीपाळीने) ती चार वेळा होते, आठवडा-आठवडा पद्धतीत दोनदाच. अगदी लहान मुलाला सात दिवस आई किंवा बाबा न दिसणं जड जातं, तिथे २-२-३ बरं. शाळा-क्लास सुरू झाले की २-२-५-५ सोयीचं, कारण सोमवार-मंगळवार कायम एकाकडे आणि बुधवार-गुरुवार कायम दुसऱ्याकडे राहतात. पोहण्याचा क्लास कोणाच्या वाटणीला, हा प्रश्नच उरत नाही. घरबदल शक्यतो शाळेतूनच ठेवा: सकाळी एकाने सोडायचं, दुपारी दुसऱ्याने आणायचं. दारात समोरासमोर येणं टळतं.

सुट्ट्या वेगळ्या भराव्या लागतात आणि त्या नेहमीच्या चक्रावर मात करतात. सुट्टी संपली की चक्र मूळ तारखांनुसार चालू राहतं, त्यामुळे कधीकधी एकाच पालकाकडे सलग तीन शनिवार-रविवार येतात. हे चालेल की भरपाई द्यायची, ते आधीच लिहून ठेवा. भांडणं नेमकी इथूनच निघतात.

दिवसांची अदलाबदल करायची तर विनंती पाठवायची. समोरच्याने मान्य केली तरच कॅलेंडर बदलतं. कोणता दिवस हवा आणि बदल्यात कोणता देणार, दोन्ही एकाच विनंतीत घाला. ‘नंतर बघू’ म्हणून घेतलेले दिवस परत मिळत नाहीत.

निरोप पाठवल्यावर खोडता किंवा बदलता येत नाही, आणि समोरच्याने तो प्रथम कधी पाहिला ते दिसतं. ‘मला कळवलंच नव्हतं’ हे वाक्य त्यामुळे बंद होतं. मात्र अर्धं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर चालू राहिलं तर या नोंदीला किंमत नाही. टोनमीटर नावाची सोय खोचक शब्दांवर बोट ठेवते. गोड भाषेतला टोमणा तिच्या हाती लागेलच असं नाही. एका निरोपात एकच विषय, तारीख, आणि उत्तर कधीपर्यंत हवं, एवढी शिस्त त्याहून जास्त कामाची.

खर्चाच्या नोंदीत प्रकारानुसार टक्केवारी ठरवता येते, पावतीचा फोटो जोडता येतो. तीन महिन्यांच्या पावत्या एकदम चढवल्या की तंटा ठरलेला. पावती मिळाल्यापासून १५ किंवा ३० दिवसांत नोंद, आणि ठरावीक रकमेपुढच्या खर्चाला आधी संमती, असं कलम करारात घाला.

रोजनिशीची सोय जपून वापरा. ताप किती होता, औषध कधी दिलं, एवढंच तिथे शोभतं. समोरच्याच्या चुकांची वही बनवली, तर ती वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचाच स्वभाव आधी कळतो.

मारहाण किंवा धाकदपटशा असलेल्या नात्यात मात्र केवळ अ‍ॅपच्या भरवशावर राहू नका. संपर्क कसा आणि किती ठेवायचा ते आधी वकिलाकडून ठरवून घ्या. आणि ज्यांचं एकमेकांशी बरं चाललंय त्यांनी पैसे घालवू नयेत, सामाईक गूगल कॅलेंडर पुरतं.

वर्गणी दोघांना वेगवेगळी भरावी लागते. एकाने भरली नाही तर सगळं लंगडं पडतं, म्हणून कोण भरणार, उत्तर किती तासांत द्यायचं आणि तातडीच्या वेळी थेट फोन चालेल का, हे करारातच येऊ द्या. वर्गणी थांबवायची वेळ आली तर सगळ्या नोंदी आधी उतरवून घ्या.