कातळसडा की खाजण: कमी खर्चाच्या राक्षसपटासाठी जागा निवडताना

जग उद्ध्वस्त झाल्यानंतर एका लहान मुलीला अक्राळविक्राळ प्राण्यापासून वाचवत नेणाऱ्या माणसाची गोष्ट थोडक्या पैशांत चित्रित करायची असेल, तर कोकण किनाऱ्यावर दोन जागांचा विचार आधी होतो: रत्नागिरी-राजापूरकडचा कातळसडा, म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे पठार, आणि खाडीकाठचे खाजण, म्हणजे भरतीचे पाणी शिरणारी कांदळवनाची दलदल.

प्राणी लपवायला खाजण निःसंशय सरस आहे. कांदळाच्या मुळांच्या जाळीआड तो पुरता दाखवावाच लागत नाही. फांदी हलली, चिखलात बुडबुडे आले, की उरलेले धूड प्रेक्षक स्वतःच रचतो. मोकळ्या सड्यावर मात्र भर उन्हात पोशाख चढवलेला नट हा पोशाख चढवलेला नटच दिसतो.

तरीही निर्णय मुलीच्या वेळेवरून घ्यावा, असे माझे मत आहे. बालकामगारविषयक २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना सलग ३ तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, शिवाय जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगीही लागते. खाजणात हे तास पाण्याच्या मर्जीवर जातात. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकत असल्याने सोमवारी सकाळी आठला मिळालेली पुरती ओहोटी शनिवारी दुपारी बाराच्या पुढे जाते, आणि एकाच प्रसंगातल्या दोन दृश्यांत पाण्याची रेघ जुळत नाही. आड येणारी फांदी तोडण्याचा विचारही करू नये. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे.

सड्यावर लपण्याची उणीव बंद पडलेली चिरेखाण, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढण्याची खाण, भरून काढते. यंत्राने कापलेल्या उभ्या तांबड्या भिंती, पायऱ्यापायऱ्यांचा तळ आणि कोपऱ्यांतल्या गडद सावल्या यांमुळे उजाड शहराचा देखावा फुकटात मिळतो. पावसाळ्यात खाणीत पाणी साचते, म्हणून गवत वाळून गेल्यावर, फेब्रुवारीपासून पुढे चित्रीकरण ठेवावे. तेव्हा दुपारी कातळ तापतो, पण सकाळचे तीन आणि संध्याकाळचे दोन तास नियमातही बसतात व तिरप्या उजेडात प्राण्याचे शिवणकामही झाकले जाते. वाऱ्यामुळे संवाद मात्र नंतर डब करावे लागतील. गाडी सड्यावर घालण्यापूर्वी गावातला जाणता माणूस सोबत घ्यावा. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी येथील कातळशिल्पे, म्हणजे जमिनीच्या कातळावर कोरलेली चित्रे, २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत आणि अशी चित्रे सहज चाकाखाली येऊ शकतात.

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल, तर सडाच निवडावा. खाजणासाठी एखादा दिवस वेगळा काढून फक्त प्राण्याची दृश्ये घ्यावीत आणि त्या दिवशी मुलीला बोलावूच नये.