बोटावरचा ऑक्सिमीटर: तान्ह्या बाळासाठी विकत घ्यावा का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या दहा महिन्यांच्या मुलीला खोकला आणि ताप आला, तेव्हा औषधांच्या दुकानातून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण टक्क्यांत दाखवणारे यंत्र, सुमारे एक हजार रुपयांना आणला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. मोठ्या माणसांसाठी उपकरण उत्तम आहे: सासूबाईंच्या बोटावर आकडा काही सेकंदांत स्थिरावतो आणि अंधारातही स्पष्ट वाचता येतो.

बाळाच्या बाबतीत मात्र निराशा झाली. तिचे इवलेसे बोट चिमट्याच्या खोबणीत सैल राहते, तांबडा प्रकाश दोन्ही बाजूंनी बाहेर सांडतो आणि तिने हात हलवला की आकडा उडी मारतो. आधी ८८ आला, मग ९७, मग नुसत्या दोन रेघा. पहिल्या आकड्याने आमचे पाय लटपटले. दुसऱ्याने इतका दिलासा दिला की सकाळपर्यंत थांबायचे जवळजवळ ठरले होते.

‘पोट उडतंय तिचं,’ असे सासूबाई संध्याकाळपासून म्हणत होत्या आणि आम्ही यंत्राकडे पाहत होतो. शेवटी गल्लीतल्या आशाताईंना, म्हणजे आशा आरोग्य कार्यकर्तीला, बोलावले. त्यांनी यंत्र बाजूला ठेवले, बाळ शांत होण्याची वाट पाहिली, झबले वर केले आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ५८ भरले. लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही, म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, आणि मूल रडत असताना तर मोजूच नये, असे त्यांनी बजावले. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर तो जलद श्वास समजतात.

मग त्यांनी बोटाने दाखवले: श्वास आत घेताना छाती फुगण्याऐवजी बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता आणि तिथे दर श्वासाला खळगा पडत होता. ही न्यूमोनियाची, म्हणजे फुप्फुसाच्या संसर्गाची, खूण: त्यात फुप्फुस कडक होते, हवा ओढायला जोर लागतो आणि त्या जोराने बाळाची मऊ छाती आत खेचली जाते. अंगावर पिणे बंद होणे, सगळे उलटून पडणे, झटके येणे किंवा मूल सुस्त पडून हाकेला ओ न देणे, यांतले काहीही दिसले तर श्वास मोजत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे, हेही त्यांनी सांगितले.

आम्ही रात्रीच निघालो. रुग्णालयात पायाच्या अंगठ्याला पट्टीसारखा गुंडाळायचा छोटा सेन्सर लावला, तेव्हा आकडा ९३ वर स्थिर राहिला. ऑक्सिजन ९० च्या खाली नाही म्हणजे न्यूमोनिया नाही, असे होत नाही, हे डॉक्टरांनी तपासता तपासता समजावले. तोंडाने द्यायचे अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा पेज मागू लागली.

मोठ्यांसाठी पाचपैकी चार तारे, बाळासाठी एक. तोही सासूबाईंचा आग्रह म्हणून. उपकरण प्रौढांसाठी असल्याची ओळ खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत आहे, पण ती आम्ही घरी परतल्यावर वाचली.