पद्मिनी पूर्ण खोलायची का चालवत चालवत करायची?

आमच्या मावसभावानं मागच्या आठवड्यात 1984 ची प्रीमियर पद्मिनी, ती जुनी फियाटवाली गाडी, घेतली आणि लगेच फोन केला, म्हणला दादा सगळी एकदाच खोलून नवीकोरी करू का जमेल तसं चालवत चालवत करू. त्याला अर्धा तास जे बोललो तेच इथं टाकतोय, कारण हा प्रश्न मला वर्षातनं दोन-तीनदा कुणी ना कुणी विचारतंच.

दोन्ही प्रकार मी जवळनं बघितलेत. माझी 1986 ची, वडिलांची गाडी, ती मी सगळी खोलली. आमच्या दाजींकडं साधारण त्याच सालातली, त्यांनी ती आठवडाभराच्या वर कधी उभीच केली नाही. माझी रस्त्यावर यायला 4 वर्षं लागली आणि त्यातलं खरं काम मोजलं तर 8 महिन्यांचं पण नाही. बाकीचा सगळा वेळ ती जुळे सोलापुरात शेडमध्ये पडून होती आणि मी रोज सकाळी तिच्याकडं न बघता स्कूटर काढून जायचो. म्हणून मी पैशाचा हिशोब नंतर सांगतो, आधी मन कुठं बसतं ते सांगतो.

पूर्ण खोलण्यात पहिला आठवडा लई भारी जातो. सीट निघाल्या, बंपर निघाले, डॅशबोर्ड निघाला, रोज काहीतरी हातात येतं आणि वाटतं अरे आपण तर निम्मं काम केलं. मी नट-बोल्ट बोर्नव्हिटाच्या नि तुपाच्या डब्यात भरले, वर कागदी टेप लावून पेननं लिहिलं, 'पुढचं डावं दार', 'ग्रिल', असं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते सोलापूरकराला सांगायला नको, बाहेर 42 तर आत विचारूच नका, टेपचा गोंद वाळला आणि एका दुपारी बघतो तर सगळ्या चिठ्ठ्या खाली आणि तीसेक डबे बिननावाचे. त्या दिवशी शेडला कुलूप लावलं ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत उघडलं नाही. आता कुणी खोलणार असेल तर त्याला मी एवढंच म्हणतो की प्रत्येक भागाचा खोलायच्या आधी फोटो काढ आणि चिठ्ठी डब्याच्या आत टाक.

दाजींनी आधी फक्त ब्रेक घेतले. पद्मिनीला चारी चाकांना ड्रम ब्रेक असतात, मास्टर सिलेंडर, चार चाकांचे सिलेंडर, होस, लायनिंग, तीन रविवार गेले आणि चौथ्या रविवारी ताईला घेऊन अक्कलकोटला जाऊन आले. मग इग्निशनचे, म्हणजे ठिणगी पाडणारे, पॉइंट-कंडेन्सर, मग कार्बोरेटर. तुळजापूरला जाताना तामलवाडीच्या अलीकडं गाडी बंद पडली, मे महिना, इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या फ्यूएल पंपातलं पेट्रोल तापून वाफ झालेली. ओला नॅपकिन फ्यूएल पंपावर टाकून लिंबाखाली बसले, भाकरी नि शेंगाची चटणी खाल्ली, अर्ध्या तासानं सुरू. वैताग आलाच की, ताई अजून ऐकवते. पण पुढच्या रविवारी काय करायचं ते गाडीनंच सांगितलेलं असतं, पेट्रोलचा पाइप इंजिनपासनं लांबनं फिरवला, झालं. मी शेडमध्ये उभं राहून 'आता सुरुवात कशाला करू' यातच निम्मे रविवार घालवले.

पण दाजींची पद्धत लगेच डोक्यावर घेऊ नका. त्यांनी मॅटखालचं भोक वरनं पत्रा रिबिट मारून झाकलं आणि पावसाचं पाणी त्या दोन पत्र्यांच्या मध्ये बसायला लागलं, म्हणजे आतनं गंजणं चालूच आहे. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार घेते, तेव्हा फ्लोअर आणि दाराखालच्या पट्ट्या सडल्या तर ते काम चालवत चालवत होत नाही म्हणजे नाहीच. आणि खोलूनही नीट नाही केलं तर माझ्यासारखं होतं. पट्टी कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून ताण धरायचा असतो, आमच्या मिस्त्रीनं तो मारलाच नाही, नवी पट्टी लागली आणि दार बोटभर बाहेर. परत कापा. सहा महिने गेले आणि त्यातलं एकही काम डोळ्याला दिसत नाही, घरचे विचारतात काय झालं, काय सांगणार, दार लागलं म्हणून?

मिस्त्रीचा विषय निघालाच आहे तर तेही ऐका, दोन्हीतला सगळ्यात मोठा फरक मला इथं दिसला. खोललेली गाडी गॅरेजमध्ये कायम मागच्या रांगेत. "मालक, तुमची गाडी कुठं पळून चाललीय, त्या इनोव्हाला संध्याकाळी द्यायचंय." आणि त्याचंही खरंच आहे. दाजी सकाळी गाडी चालवत नेतात, बाकड्यावर चहा पीत बसतात, संध्याकाळी घेऊन येतात. चाकावर आलेल्या गिऱ्हाईकाचं काम होतंच.

पार्टचं दोघांचंही सारखंच रडगाणं. उत्पादन बंद होऊन दोन दशकं उलटली, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली. आपल्याला सोपं म्हणजे हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी पुणे, बुधवार किंवा रविवारचा जुना बाजार, रात्री परत. फक्त दाजी एका वेळी एकच वस्तू शोधायला जातात. मी 22 वस्तूंची यादी घेऊन गेलो आणि दोन घेऊन आलो, परतीच्या गाडीत लई मोकळं मोकळं वाटतं.

पैसा म्हणाल तर चालवत चालवत एकूण जास्तच जातो, एकच काम दोनदा होतं, रंग दोनदा. पण तो हप्त्यानं जातो, घरात बोंब होत नाही.

कागदाचं मात्र खोलणाऱ्यानं आधी बघा. 15 वर्षांनंतर आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, दर 5 वर्षांनी रिन्यू करावी लागते आणि त्याला गाडी तपासणीला चालवत न्यावी लागते, माझी मुदत गाडी सुटी असताना संपली आणि दंड चढत गेला. 50 वर्षांच्या वरच्या गाडीला 2021 पासनं विंटेजची वेगळी नोंदणी आहे, नव्या नोंदणीची फी 20,000, पण त्यात बॉडी-इंजिनमध्ये मोठे बदल चालत नाहीत आणि रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. पद्मिनीवाल्यांना बहुतेक ते अजून लांब आहे.

आणि एक, पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं. ऊस आपल्याच जिल्ह्यातला, तक्रार कुणाकडं करणार. जुना रबरी पाइप आणि फ्यूएल पंपातला पडदा त्यानं फुगतो-कुजतो, ते दोन्ही पद्धतीत पहिल्याच महिन्यात बदला.

मावसभावाला शेवटी म्हणलं मॅट काढ, मोठा स्क्रू-ड्रायव्हर घे, फ्लोअरला आणि दाराखालच्या पट्टीला जोर लावून टोच. घुसला नाही तर ब्रेकपासनं सुरू कर आणि अजिबात खोलू नको, तुझा स्वभाव मला माहिती आहे, माझ्यासारखाच आहे. गाडी सोलापुरातच राहिलेली असेल तर बहुतेक घुसणार नाही, आपली हवा कोरडी. मुंबईहून आणलेली असेल तर घुसेल, मग खोलायचीच, पण निम्मीच, पत्र्यापुरती, इंजिन-वायरिंगला हात न लावता, दिवाळी झाली की सुरू करून उन्हाळ्याच्या आत चाकावर.

त्यानं काल टोचून बघितलं. ड्रायव्हरच्या बाजूला घुसला, बाकी तीन बाजू ठणठणीत.