रिंग ऑफ केरी की डिंगल? आई-बाबांना घेऊन निघणार असाल तर

उन्हाळा लागला की डब्लिनमधल्या आपल्या लोकांत हा प्रश्न निघतोच. घरून आई-बाबा किंवा सासू-सासरे आलेत, हातात दोन-तीन दिवस आहेत, आयर्लंडच्या नैऋत्येला असलेल्या केरी परगण्यात जायचं ठरलंय, पण रिंग ऑफ केरीचा गोल रस्ता करायचा की शेजारचं डिंगल द्वीपकल्प? आम्ही दोन्ही केलंय, एका वर्षी रिंग आणि पुढच्या वर्षी डिंगल, दोन्ही वेळा आई-बाबा सोबत होते, बाबा माझ्या शेजारी पुढे आणि आई-बायको मागे. त्यामुळे जे सांगतोय ते आमच्या गाडीतून जसं दिसलं तसं, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

रिंगमध्ये बघायला काही कमी नाही, हे आधी सांगतो. किलार्नीहून निघून परत किलार्नी, १७९ किलोमीटर. काहरसिवीनजवळ काहरगालची दगडी गढी आहे, तिच्या भिंतीवर चढता येतं आणि वरून सगळी खाडी दिसते. पुढे व्हॅलेन्शिया बेट, तिथून १८६६ साली समुद्रतळाशी टाकलेली तार न्यूफाउंडलंडपर्यंत पोचली आणि ती टिकली, युरोप-अमेरिका मिनिटांत बोलायला लागले ते तिथून. त्याच बेटावर खडकात एका चार पायांच्या प्राण्याची पावलं उमटलेली आहेत, ३८ कोटी वर्षांपूर्वीची, अगदी साध्या खळग्यांची रांग दिसते, पण माहीत असलं की अंगावर काटा येतो. आणि बाहेर समुद्रात स्केलिग मायकल नावाचं खडकाळ बेट, ६१८ दगडी पायऱ्या, वर ख्रिस्ती साधूंनी मधमाशांच्या पोळ्यासारख्या बांधलेल्या कुट्या. तिथे मी आणि बायको जाणार होतो, आई-बाबा बंदरावर थांबणार होते, पण आदल्या संध्याकाळी फोन आला की समुद्र उसळलाय, बोट जाणार नाही. त्यात कोणाचा दोष नाही, तिथला समुद्रच तसा आहे, ऐन उन्हाळ्यात पण बोटी रद्द होतात, तेव्हा स्केलिगसाठी म्हणून जाणार असाल तर एक दिवस जास्तीचा ठेवाच.

मला खटकलं ते वेगळंच. रिंगवर थांबता येत नाही.

झालं असं, टूरच्या बस सगळ्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणजे किलार्नी, किलॉरग्लिन, काहरसिवीन असं करत. तुम्ही त्याच दिशेने गेलात तर बसच्या मागे अडकता, उलट गेलात तर ऐन वळणावर बस समोर येते. आम्ही मागे अडकणं पत्करलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपणाची झाडं नाहीतर दगडी गडगा, तो पार डांबरापर्यंत आलेला, बाजूला चाक उतरवायला सुद्धा जागा नाही. बाबांना काही दिसलं, एखादं पडकं घर, खाली समुद्र, डोंगरावर मेंढरं, की ते म्हणायचे "अरे थांब की जरा हितं", आणि मी म्हणायचो "बाबा जागा नाही, पुढं थांबू", आणि पुढे थांबायची जागा यायची तिथे आधीच दोन बस उभ्या असायच्या, मागून गाड्या चिकटलेल्या, की चला पुढे. वॉटरव्हिल येईपर्यंत बाबांनी म्हणायचं सोडून दिलं. गप्प बसून काचेतून बघत राहिले. साताऱ्याहून इतक्या लांब आलेला माणूस, आणि मी त्याला हवं तिथे दोन मिनिटं उभं करू शकलो नाही, हे मला फार लागलं, अजून आठवतं.

आणि रिंगवरचं खरं चांगलं जे आहे ते मुख्य रस्त्यावर नाहीच. व्हॅलेन्शियाला वळायला लागतं, पोर्टमॅगीला वळायला लागतं, स्टेगची गढी तर अरुंद गल्लीवजा रस्त्याने चारेक किलोमीटर आत. प्रत्येक फाट्यावर घड्याळ बघायचं. स्टेग आम्ही सोडली. शेवटी मोल्स गॅप आणि लेडीज व्ह्यूला पोचलो तेव्हा सगळे दमलेले होते, इतकं सुंदर दृश्य पण कोणी गाडीतून उतरेना.

डिंगलचा रस्ता मोठा आहे असं नाही हां. डिंगलच्या टोकाला वळसा घालणारा स्ले हेडचा फेरा उलट जास्तच अरुंद आहे, एका बाजूला कडा आणि एका बाजूला डोंगर, एका ठिकाणी तर ओढा चक्क रस्त्यावरून वाहतो आणि गाडी त्यातून घालायची, पावसाळ्यात कोकणात गाडी चालवलेल्याला नवल नाही. पण फेरा सगळा मिळून ४७ किलोमीटरच्या आसपास. दिवस अख्खा हातात. एक जागा हुकली तरी दोन-तीन किलोमीटरवर दुसरी येते, आणि घाई कोणालाच नसते. सगळे घड्याळाच्या दिशेने जातात, तुम्ही पण तसेच जा, म्हणजे समोरून कमी गाड्या येतात. त्या दिवशी आम्ही किती वेळा थांबलो मोजलं नाही, कूमीनूलच्या वाळूवर आई तासभर नुसती बसून होती.

गॅलरसचं दगडी देऊळ, म्हणजे प्रार्थनाघर, ते बघून बाबा खरे खूश झाले. उलट्या नावेच्या आकाराचं, चुना नाही, माती नाही, दगडावर दगड थोडा थोडा आत सरकवत नेऊन वर मिटवलेलं. ते नेमकं कधीचं यावर जाणकारांत वाद आहे, पण शेकडो वर्षांचा पाऊस-वारा खाऊनही उभं आहे. बाबा आत जाऊन सांध्यांवरून हात फिरवत म्हणाले, हे तर आपल्या हेमाडपंतीसारखंच, चुन्याशिवाय. आत जेमतेम एका खोलीएवढी जागा, एक दार, समोर एक छोटी खिडकी. आम्ही चौघंच होतो बराच वेळ.

आणि मग ब्लास्केट. डनक्विनला ब्लास्केटचं केंद्र आहे, लांबलचक कॉरिडॉर आणि टोकाला काच, काचेतून समोर ते बेट. तिथे वस्ती होती, आयरिश बोलणारी, मासेमारी आणि बटाट्यावर जगणारी. तरुण पोरं एकेक करून अमेरिकेला गेली, हिवाळ्यात समुद्र खवळला की डॉक्टर नाही, पाद्री नाही, आणि १९५३ साली शेवटची वीसेक माणसं सरकारने अलीकडच्या किनाऱ्यावर आणली. बाबांच्या आजीचं गाव कोयना धरणात गेलं. ते त्या काचेसमोर उभे राहिले आणि मला विचारलं, "ह्यांना आपलं गाव इथनं रोज दिसत असंल, न्हाई?" मी म्हटलं हो, बरेच जण इथेच समोर राहिले. मग आम्ही तिथे बराच वेळ होतो, आणि मला "चला" म्हणावं लागलं नाही.

डिंगलच्या अडचणी पण सांगतो. ढग खाली उतरले तर काही म्हणजे काही दिसत नाही, आमचा कॉनर पासचा घाट असाच पांढऱ्या धुक्यात गेला (मोठी गाडी भाड्याने घेणार असाल तर तिथे वजनाची मर्यादा आहे, आधी बघा). हा आयरिशभाषिक भाग, त्यामुळे पाट्यांवर गावांची नावं आयरिशमध्ये, मॅपवरच्या इंग्रजी नावाशी जुळत नाहीत, दोन्ही नावं लिहून ठेवा. फाहनच्या दगडी झोपड्या लोकांच्या खाजगी रानात आहेत, तिथे दरडोई थोडे पैसे घेतात, सुटे युरो लागतात.

डिंगलला ट्रेन नाही, ती फक्त ट्रलीपर्यंत येते, त्यामुळे तुम्ही गाडी चालवत नसाल तर मात्र किलार्नीच सोयीचं, थेट स्टेशन आहे, तिथून बसची टूर घ्या. बसमध्ये उंचावर बसता, गडग्यापलीकडचं दिसतं, आणि रस्त्याची काळजी दुसऱ्याला. ज्यांना एका दिवसात जास्तीत जास्त बघितल्याचं समाधान हवंय त्यांना पण रिंग आवडेल बहुतेक.

पण गाडी असेल आणि सोबत वयस्कर माणसं असतील, तर मी असं करीन. पहिला अर्धा दिवस किलार्नीच्या नॅशनल पार्कमध्ये, मक्रॉस, टॉर्कचा धबधबा आणि वेळ असला तर लेडीज व्ह्यूपर्यंत जाऊन परत, म्हणजे रिंगचा सगळ्यात देखणा तुकडा बसच्या मागे न अडकता मिळतो. संध्याकाळी इंच बीचवरून डिंगलला मुक्काम, रूम मात्र लवकर बुक करा, ऑगस्टमध्ये मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी नऊच्या आत स्ले हेडला निघा, आणि पुढच्या सीटवर त्यांना बसवा ज्यांना थांबायला आवडतं.