ओपन सोर्स शिकवतो म्हणून ३३,७३९ रुपये घेतले, सांगली-मिरजेच्या पोरांनो हे वाचा

आकडा आधीच सांगून टाकतो. १९९ डेमो सेशनचे, २,००० सीट ब्लॉक करायचे, १०,००० ॲडमिशनच्या दिवशी यूपीआयवर, १८,००० चं कर्ज पप्पांच्या नावावर, आणि शेवटी ३,५४० 'ऑर्गनायझेशन एन्ट्री फी'. एकूण ३३,७३९. आणि कशासाठी, तर ओपन सोर्ससाठी, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये भर घालायला, जी गोष्ट जगात कुणालाही फुकट करता येते. गिटहब, म्हणजे असा कोड जिथे ठेवतात त्या साइटचं अकाउंट फुकट, गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायचं साधन फुकट, प्रोजेक्टचा सगळा कोड उघडा पडलेला, आणि तुमचा कोड तपासणारा माणूससुद्धा बऱ्याचदा स्वतःच्या वेळेत, पगार नसताना तपासतो. हे एवढं एक वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पप्पांचे बेदाण्याचे पैसे त्यात गेले नसते.

फर्मचं नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे. आणि नाव कळून उपयोग पण नाही, ते बदलून पुन्हा येतील. पद्धत तेवढी ओळखा.

सुरुवात आमच्याच कॉलेजच्या सेमिनार हॉलमधून झाली. थर्ड इयरला इंटर्नशिप दाखवायची होती, सगळे घाबरलेले, पुण्याला जाऊन राहायला पैसे नाहीत. हे लोक आले, कॉलेजनंच लेक्चर बुडवून आम्हाला बसवलं, एचओडी सरांनी स्टेजवर बुके दिला. मग मी कशाला संशय घेऊ? जे म्हणतात ना 'असल्या गोष्टी ऑनलाइन चेक करायच्या', त्यांनी सांगावं की स्वतःच्या सरांनी बुके दिलेला माणूस कुठल्या साइटवर चेक करतात. आणि तो माणूस मराठीत बोलत होता. ते मला सगळ्यात भिडलं, खरं सांगतो. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना कोडिंग जमतं पण इंग्लिशमध्ये अनोळखी माणसाला चार ओळी लिहायच्या म्हटलं की हात थांबतो, आणि हा म्हणतो 'मराठीतून ओपन सोर्स, तुमच्या वतीनं आम्ही बोलू'. नेमकी दुखरी नस धरली.

स्लाइडवर तीन वचनं होती. खऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोजेक्टमध्ये 'गॅरंटीड मर्ज', म्हणजे तुमचा कोड त्यात नक्की घेतला जाणार. इंटर्नशिप सर्टिफिकेट. आणि गुगल समर ऑफ कोड या ओपन सोर्समध्ये काम करायच्या उपक्रमात 'सिलेक्शन सपोर्ट', बोलताना मात्र गॅरंटीच म्हणाला. खाली सरकारमान्य असं लिहून एमएसएमईचं सर्टिफिकेट. ते उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी असते, फुकट असते, कुणीही ऑनलाइन स्वतः भरून काढतं, शिकवण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. फी ४२,०००, आज हॉलमध्ये नाव दिलं तर १२,००० स्कॉलरशिप, म्हणजे ३०,०००. ही स्कॉलरशिप सगळ्यांनाच मिळाली होती हे नंतर कळलं.

माझ्याकडे १२,००० पर्यंतच जमत होते. राहिलेल्या १८,००० चं ते 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणाले, ९ हप्ते २,००० चे. तो हप्ता फर्मचा नसतो! फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, फर्मला पैसे पहिल्याच दिवशी मिळून जातात आणि तुम्ही पुढे फेडत बसता. पप्पा तासगावकडं बागेत होते, फवारणी चालू होती, काउन्सेलर बाईनं फोनवर 'काका, कोर्सचं व्हेरिफिकेशन आहे, ओटीपी सांगा' म्हणून ओटीपी घेतले आणि कर्ज पप्पांच्या नावावर झालं, खात्यातून आपोआप कापायची परवानगी पण त्यातच दिली गेली. पप्पा एवढंच म्हणाले, 'आरं, भरलंस तर नीट शीक मग.' घरातल्या कुणाचाही ओटीपी फोनवर वाचून दाखवू नका, समोर कोर्सवाला असला तरी.

आता मूळ फसवणूक, ही नीट वाचा कारण ही पैशापेक्षा हुशारीनं केलेली आहे.

पहिले काही आठवडे त्यांनी गिट शिकवलं, कमिट (केलेल्या बदलाची नोंद), ब्रँच (कामाची वेगळी फांदी), पुल रिक्वेस्ट ('माझा बदल घ्या' अशी विनंती). ते ठीक होतं, खोटं नव्हतं, पण गिटच्या स्वतःच्या साइटवर यापेक्षा चांगलं अख्खं पुस्तक फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्ससारखे विषय मराठीतून ऐकायला मिळतात, तेही फुकट. मग आम्हाला 'खऱ्या प्रोजेक्टला' जोडलं. रिपॉझिटरी, म्हणजे प्रोजेक्टचा कोड ठेवायची जागा, उघडली तर खऱ्या प्रोजेक्टचंच नाव, तोच लोगो, तीच रीडमी (माहितीची फाइल), हजारो जुने कमिट्स. आम्हाला कोलॅबोरेटर केलं, म्हणजे त्यात बदल करायची परवानगी दिली, ब्रँच पुश करायला (वर पाठवायला) लावली, आणि पुल रिक्वेस्ट उघडताना (बेस रिपॉझिटरी म्हणजे बदल जिथे जाणार ती) मेंटॉर स्क्रीन शेअर करून म्हणाला, 'वर बेस रिपॉझिटरीत आपोआप दुसरं नाव येईल, ते ड्रॉपडाउनमधून बदलायचं आणि आपलं निवडायचं, तिकडे चुकूनसुद्धा पाठवायचं नाही, अकाउंट ब्लॉक होईल.'

तो क्षण. आजही तो आठवला की अंगाचा तिळपापड होतो. ते जे 'दुसरं नाव' आपोआप येत होतं तोच खरा प्रोजेक्ट होता! आम्ही ज्यात काम करत होतो तो त्यांनी स्वतःच्या अकाउंटवर काढून ठेवलेला फोर्क होता. फोर्क म्हणजे मूळ कोडची तुमच्या अकाउंटवरची प्रत, कुणीही एका बटणावर काढू शकतो, त्यात काही गुन्हा नाही, सगळेच काढतात. पण त्या प्रतीत काय मर्ज करायचं ते प्रत काढणारा ठरवतो, मूळ प्रोजेक्टला त्याचा पत्तासुद्धा नसतो. फोर्कमधून पुल रिक्वेस्ट उघडली की गिटहब मुद्दाम मूळ प्रोजेक्टच बेस म्हणून दाखवतं, कारण काम तिकडेच जायला हवं असतं. गिटहब आम्हाला दर वेळी खरा रस्ता दाखवत होतं आणि हा माणूस दर वेळी आमच्याच हातानं तो बदलायला लावत होता. रिपॉझिटरीच्या नावाखाली बारीक करड्या अक्षरात 'फोर्क्ड फ्रॉम' लिहिलेलं असतं. रोज ते डोळ्यासमोर होतं. पण मला सांगा, ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा गिटहब उघडलंय आणि शेजारी 'सर' बसून सांगतायत इकडे बघ, तो त्या करड्या ओळीकडे कशाला बघेल? तासगावातून येऊन शिकणाऱ्या पोराला हे आधीच माहीत असतं तर त्यानं ३०,००० भरलेच नसते.

अजून खुणा होत्या. त्या रिपॉझिटरीला इश्यूजचा, म्हणजे करायच्या कामांच्या यादीचा टॅबच नव्हता, फोर्कमध्ये तो आधीपासून बंदच असतो, म्हणून कामं एक्सेलच्या शीटवर वाटायचे. खऱ्या प्रोजेक्टचं काम इश्यूजमध्ये उघड्यावर चालतं, नवीन लोकांसाठी 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावून ठेवतात. आमच्या पुल रिक्वेस्ट संध्याकाळच्या आत मर्ज व्हायच्या, खाली नुसतं 'एलजीटीएम', म्हणजे 'मला ठीक वाटतंय', कुणी एक ओळ बदलायला सांगत नव्हतं. खरा मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा माणूस, बदल सांगतो, टेस्ट मागतो, कधी आठवडाभर उत्तरच देत नाही. आणि माझ्या प्रोफाइलवर हिरवे चौकोन, म्हणजे गिटहब दाखवतं ती योगदानाची नोंद, उमटत नव्हते. मी विचारलं होतं! ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं होतं. उत्तर आलं, '२४ तास लागतात अपडेट व्हायला.' आता हे अर्धं खरं आहे, उशीर होऊ शकतो, म्हणून मी गप्प बसलो. खरं कारण वेगळंच, फोर्कमधले कमिट्स गिटहब योगदानात धरतच नाही. हे गिटहबच्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलंय. विचारणाऱ्याला अर्धं खरं सांगून गप्प करायचं, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

मग ३,५४०. म्हणाले समर ऑफ कोडसाठी ऑर्गनायझेशनमध्ये एन्ट्री करावी लागते, ३,००० अधिक १८ टक्के जीएसटी. पावतीवर जीएसटी नंबरच नाही. नंबर १५ अक्षरांचा असतो आणि जीएसटीच्या साइटवर टाकला की मालकाचं नाव येतं, पैसे द्यायच्या आधी टाकून बघा. आणि समर ऑफ कोडचं सांगतो, २००५ पासून चालू आहे, भाग घ्यायला फी नाही, उलट निवड झाली तर गुगल तुम्हाला पैसे देतं. निवड त्या त्या प्रोजेक्टचे मेंटॉर तुमचं प्रपोजल आणि आधीचं काम बघून करतात. मधला कुणीही माणूस तिथे शब्द टाकू शकत नाही. मागच्या वर्षांच्या निवडीची यादी साइटवर उघडी असते, कुणी 'आमचे इतके विद्यार्थी लागले' म्हणाला तर तिथेच त्याच्यासमोर नाव शोधा.

उलगडा झाला तो मी खऱ्या प्रोजेक्टच्या चॅटवर लिहिलं तेव्हा. इंटर्नशिपचं पत्र त्यांच्याकडून हवं होतं म्हणून कशीबशी इंग्लिश जुळवून लिहिलं. एका मेंटेनरनं त्याच दिवशी उत्तर दिलं की आमची अशी कुठली इंटर्नशिप नाही, तुझं काम आमच्याकडे आलेलंच नाही, तू दिलेली लिंक कुणाच्या तरी फोर्कची आहे. लाजेनं कुणाला सांगावंसं वाटेना. पण त्यानं पुढे लिहिलं, हा एक छोटा इश्यू आहे, करून बघ. एक पैसा न घेता. माझी इंग्लिश तुटकी होती, त्याला काही फरक पडला नाही, त्यानं कोड बघितला. ज्या इंग्लिशच्या भीतीपोटी मी ३०,००० दिले ती भीती त्या लोकांनी फुकटात घालवली.

आणि आपल्या पोरांचं नाव आधीच किती खराब झालंय ते पण समजून घ्या. २०२० ला हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ठरावीक पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा त्या ऑक्टोबरच्या उपक्रमात, रीडमीत एक शब्द वाढवून पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला होता, शेवटी ज्या प्रोजेक्टला चालतं त्यांनीच भाग घ्यायचा असा नियम करावा लागला. २०२४ ला एक्सप्रेस या वेबसाइट बनवायला वापरतात त्या प्रोजेक्टच्या रिपॉझिटरीत रीडमीमध्ये स्वतःचं नाव घालणाऱ्या पुल रिक्वेस्टची रांग लागली, का तर एका ट्युटोरियलमध्ये उदाहरण म्हणून तसं दाखवलं होतं. कुणीतरी अर्धवट शिकवतो आणि शिव्या शिकणाऱ्याला पडतात. सरावासाठी 'फर्स्ट कॉन्ट्रिब्युशन्स' नावाची रिपॉझिटरी खास ठेवलेली आहे, नाव घालायचं तर तिथे घाला.

आता तक्रारीचं. प्लेसमेंटच्या सरांकडे गेलो, ते म्हणाले आम्ही फक्त हॉल दिला, पैसे तुम्ही तुमच्या मर्जीनं भरले. मग बुके कशाला दिला सर? उत्तर नाही. उलट 'कॉलेजची बदनामी करू नको, सबमिशन्स आहेत तुझी' हे ऐकवलं.

पोलीस स्टेशनला गेलो तर पहिला प्रश्न, 'कोर्स झाला ना? सर्टिफिकेट मिळालं ना? मग फसवणूक कसली?' मी फोर्क समजावायला लागलो तर समोरचे साहेब मोबाइल बघत होते. शेवटी म्हटलं, साहेब, एखाद्या शाळेच्या जनरल रजिस्टरची झेरॉक्स काढून कुणी घरात त्यात माझं नाव लिहिलं, तर मी त्या शाळेत शिकलो का? तेव्हा मान हलवली, पण म्हणाले हे दिवाणी आहे, वकील गाठा. तिथून दुसऱ्या ऑफिसला, दुसऱ्या ऑफिसनं पुन्हा पहिल्या ठिकाणी, साहेब बंदोबस्तावर आहेत, उद्या या, प्रिंट काढून आणा, प्रिंट रंगीत आणा. पप्पा माझ्याबरोबर बाकावर बसून असायचे, बागेतलं काम टाकून. त्यांच्याशी तर कुणी धड बोललंसुद्धा नाही. गुन्हा नोंदवला नाही, नुसता अर्ज घेतला, आणि अर्जाची पोच मागितली तर रागावले. पोच घ्याच, शिक्क्यासकट. आता फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, गुन्हा घेत नसतील तर एसपींना पोस्टानं लेखी पाठवता येतं, मी पाठवलंय. पैसे नुकतेच गेले असतील तर बाकी सगळं सोडून आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तेव्हाच पैसे अडवायची शक्यता असते, माझे जाऊन महिने झाले होते.

फायनान्स कंपनीचं वेगळंच. कोर्सचा वाद तुमचा आणि फर्मचा, हप्ता भरा. ३ हप्ते, म्हणजे ६,००० गेले होते, चौथ्याला खात्यात पैसे ठेवले नाहीत तर बाउन्सचे ५९० लावले. १२,००० अजून पप्पांच्या नावावर दिसतायत. हप्ता बंद करून वचपा काढायला जाऊ नका, सिबिल, म्हणजे कर्जाची पत, त्यांची खराब होते ज्यांच्या नावावर कर्ज आहे, आणि शेतकऱ्याला पीक कर्जाला बँकेत उभं राहायचं असतं. कर्ज मंजूर झाल्यावर सुरुवातीला परत करून मोकळं व्हायची मुदत असते, करारात लिहिलेली असते, आम्हाला तो करार कुणी दाखवलाच नाही. मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली आहे, ओटीपी काय सांगून घेतला ते सगळं लिहून.

सर्टिफिकेटवरचा क्यूआर पण बघून घ्या. माझ्या सर्टिफिकेटचा क्यूआर त्यांच्याच साइटवर जायचा, आणि ती साइट आता उघडत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकायची तयारी चालू आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथे तक्रार करता येते, फर्म पुण्याची असो नाहीतर कुठलीही, आणि दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही. एकट्याची केस असली की दुर्लक्ष करतात, म्हणून माझ्या बॅचमधले, विश्रामबागला ऑफलाइन बसणारे आणि मिरजेचे ऑनलाइनवाले, सगळ्यांनी यूपीआयच्या पावत्या, काउन्सेलरचे मेसेज, फोर्कच्या लिंकचे स्क्रीनशॉट आजच सेव्ह करून ठेवा, ते रिपॉझिटरी उडवायच्या आत. आणि बेस रिपॉझिटरी बदलायला सांगतानाचं त्या सेशनचं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर मला पाठवा, ग्रुपमधलं त्यांनी डिलीट केलंय आणि माझ्याकडे तेवढंच नाही.