एचडी सेट-टॉप बॉक्स: चित्र उत्तम, रिचार्जनंतरचा कारभार ढिसाळ

रत्नागिरीत आमच्या घरी जुना एसडी (साध्या दर्जाच्या चित्राचा) बॉक्स काढून एका खासगी डीटीएच (उपग्रहावरून थेट घरी वाहिन्या देणाऱ्या) कंपनीचा एचडी बॉक्स बसवला, त्याला आता एक पूर्ण पावसाळा उलटून गेला आहे. छतावरची छत्री, म्हणजे डिश अँटेना, जुनीच ठेवली. बॉक्स आणि बसवणी मिळून सुमारे दीड हजार रुपये पडले. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे लिहिलेले बहुतेक गुणदोष या धंद्यातील सगळ्याच बॉक्सना कमी-अधिक प्रमाणात लागू आहेत.

चित्राबद्दल तक्रार नाही. एचडी वाहिन्यांवर क्रिकेटचा चेंडू स्वच्छ दिसतो, आवाजही भरदार आहे. एसडी वाहिन्या मोठ्या पडद्यावर धूसर दिसतात, पण तो दोष बॉक्सच्या माथी मारता येत नाही.

बॉक्सची खरी परीक्षा होते ती सशुल्क वाहिनी उघडताना. उपग्रहाचा सिग्नल पैसे भरणाऱ्याच्या आणि न भरणाऱ्याच्या छतावर सारखाच पडतो. उपग्रहावरच्या एकाच ट्रान्सपॉन्डरवरून (सिग्नल खाली पाठवणाऱ्या यंत्रणेवरून) अनेक वाहिन्या १८८ बाइटच्या पाकिटांत विभागून, एकमेकींत मिसळून येतात आणि बॉक्स आपल्याला हव्या त्या वाहिनीची पाकिटे त्यांच्या क्रमांकांवरून वेचून घेतो. मात्र ती कूटबद्ध असतात. ती उघडण्याची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते आणि तीसुद्धा त्याच सिग्नलमधून, पण स्वतः कुलूपबंद होऊन येते. हे दुसरे कुलूप उघडण्याचा अधिकार कोणत्या बॉक्सला आहे हे सांगणारा संदेश त्या बॉक्सच्या क्रमांकाच्या नावाने वेगळा पाठवला जातो, आणि बॉक्समधील चिप किंवा स्मार्ट कार्ड त्याची नोंद ठेवते. एवढे सगळे जुळल्यानंतरच दाबून लहान केलेले चित्र पुन्हा उलगडून पडद्यावर येते.

रिचार्जनंतरचा सगळा मनस्ताप या संदेशात दडलेला आहे. मोबाइलवरून पैसे भरले की ते कंपनीच्या खात्यात लगेच जमा होतात, पण बॉक्सला त्याची वार्ता छत्रीवाटेच मिळते. संदेश काही काळ पुनःपुन्हा पाठवला जातो. त्या वेळात बॉक्स नुसता स्टँडबायवर असला तरी बहुधा भागते, पण भिंतीवरचे बटणच बंद असेल तर संदेश निसटतो. आपल्याकडे रात्री सगळी बटणे बंद करून झोपण्याची पद्धत आहे, त्यामुळे ‘पैसे भरले तरी चॅनेल दिसत नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. अशा वेळी आधी बॉक्स चालू करून पैसे भरलेल्या वाहिनीवर ठेवावा आणि मगच कंपनीला रिफ्रेश, म्हणजे तोच संदेश पुन्हा, पाठवायला सांगावे. आमच्या बॉक्सच्या पडद्यावर मात्र एक क्रमांक आणि ग्राहक सेवेला फोन करण्याची सूचना एवढेच येते, आणि फोनवरची व्यक्ती बॉक्स बंद करून चालू करा यापलीकडे जात नाही. तीन ओळींची मराठी सूचना पडद्यावर दाखवणे कंपनीला जड नव्हते.

वाहिनी बदलायला दोन-तीन सेकंद लागतात. नव्या ट्रान्सपॉन्डरवर जाणे, किल्ली मिळवणे आणि पहिल्या पूर्ण चित्राची वाट पाहणे या कामांत तो वेळ जातो, त्यामुळे याबाबतीत मी बॉक्सला फारसे गुण कापणार नाही.

पावसाचा अनुभव संमिश्र आहे. खासगी डीटीएच कंपन्या केयू बँड, म्हणजे उच्च वारंवारतेच्या लहरींचा एक पट्टा, वापरतात आणि या बँडमधील लहरी मुसळधार पावसात चटकन क्षीण होतात. आमची छत्री आग्नेयेकडे तोंड करून आहे. तिकडून ढग दाटून आले की आपल्या अंगणात थेंब पडण्याआधीच चित्राचे चौकोन होऊ लागतात. मेनूत सिग्नल स्ट्रेंथ आणि सिग्नल क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतात, त्यांतील दुसरी पाहावी: क्वालिटी कोसळली असेल आणि आभाळ भरलेले असेल तर कोणालाही बोलावू नये, अर्ध्या तासात सगळे पूर्ववत होते. ऑगस्टमध्ये मात्र आभाळ निरभ्र असताना साधारण निम्म्या वाहिन्या गेल्या आणि उरलेल्या व्यवस्थित दिसत राहिल्या. छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबी (लहरी पकडणारा लहान डबा) आडव्या आणि उभ्या लहरींपैकी कोणत्या घ्यायच्या हे बॉक्सकडून केबलमधून येणाऱ्या १३ किंवा १८ व्होल्टवरून ठरवतो. बसवणाऱ्याने जुनाच कनेक्टर ठेवला होता; खाऱ्या हवेने त्याला हिरवट गंज चढला होता आणि १८ व्होल्ट वरपर्यंत पुरेसे पोहोचत नव्हते. नवा कनेक्टर लावून त्यावर रबरी टोपी बसवल्यावर प्रश्न मिटला. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी बसवणीच्या वेळीच हा कनेक्टर बदलून मागावा, नंतर तंत्रज्ञाच्या भेटीचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

मेनूतून वाहिन्या निवडण्याची सोय मुद्दाम अवघड ठेवली आहे असे वाटते. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या व्यवस्थेत प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी घेण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला, पण येथे समोर दिसतात ते कंपनीचे पॅक, आणि सुट्या वाहिन्यांची यादी शोधत जावे लागते.

पेन ड्राइव्हवर केलेले रेकॉर्डिंग याच बॉक्सवर चालते, लॅपटॉपवर उघडत नाही. शिवाय कंपनी बदलली तर हा बॉक्स दुसरीकडे उपयोगी पडणार नाही, कारण कुलपाची पद्धत प्रत्येक कंपनीने आपापली निवडलेली असते. एकच बॉक्स सर्व कंपन्यांना चालावा अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये केली होती, पण दुकानात असा बॉक्स अजून मिळत नाही. ज्यांना सह्याद्री, बातम्या आणि निःशुल्क वाहिन्या पुरेशा आहेत त्यांनी मासिक शुल्क नसलेल्या डीडी फ्री डिशचा विचार आधी करावा. मराठी मालिका आणि क्रिकेट एचडीत हवे असणाऱ्यांनी हा बॉक्स घ्यायला हरकत नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे, आणि कापलेल्या दीड ताऱ्यातला एक पूर्ण तारा रिचार्जनंतरच्या त्या मुक्या पडद्यासाठी.