मोरखोलीच्या खिडक्या: वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ एशियन आर्टमधले सहा महिने

आई गेल्या मंगळवारी तासगावला परत गेली. तिच्या इथल्या सहा महिन्यांत आम्ही नॅशनल म्युझियम ऑफ एशियन आर्टमध्ये, म्हणजे अजूनही बऱ्याच जणांच्या तोंडी असलेल्या 'फ्रीअर'मध्ये, नऊ वेळा गेलो. तिकीट नाही, नाताळचा एक दिवस सोडला तर वर्षभर उघडं, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून थेट मोरखोलीवर, म्हणजे तिथल्या सोनेरी मोर रंगवलेल्या 'पीकॉक रूम'वर येते. नऊपैकी सात फेऱ्या तिथंच येऊन संपल्या.

पहिली फेरी शनिवारची. गाडी नेली, जवळच्या एका खाजगी गॅरेजात लावली आणि बाहेर पडताना अठ्ठावीस डॉलर मोजले. आईनं जागेवरच रुपये केले आणि घरी येईपर्यंत ती गप्प होती. मलाही ते फार लागलं. ज्या जागेत आत जायला एक पैसा पडत नाही, तिथं गाडी उभी करायला एवढे? त्यानंतर आम्ही दर वेळी व्हर्जिनियातल्या हर्नडनहून मेट्रोनं गेलो. शनिवार-रविवारी स्टेशनवर गाडी फुकट लावता येते आणि सिल्व्हर लाइन मध्ये कुठं न बदलता स्मिथसोनियन स्टेशनला सोडते. बाहेर आलं की म्युझियम समोरच. घरून आई-वडील आले असतील तर कृपा करून गाडी नेऊ नका.

त्या शनिवारी मोरखोली बघून मी खट्टू झाले होते. खिडक्यांची लाकडी दारं बंद, दिव्यांचा मंद उजेड आणि भिंती काळपट हिरव्या. चौकशी केली तेव्हा कळलं की दारं उघडतात महिन्यातल्या तिसऱ्या गुरुवारी, तीही दुपारी. मनात आलं, नोकरी करणाऱ्यानं गुरुवारी दुपारी यायचं कसं? त्या दिवशी हा अनुभव लिहिला असता तर निम्मा मजकूर या खिडक्यांवरच गेला असता.

डिसेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दारं उघडी होती. हिवाळ्याचा तिरपा उजेड आत येत होता आणि आदल्या महिन्यात काळपट वाटलेली तीच भिंत निळी-हिरवी झाली होती. आई दारातच थांबली. म्हणाली, "अगं, हा तर मोरचुदाचा रंग." द्राक्षबागेच्या गावची ती. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो औषध फवारलं की पानांवर, हातांवर, विहिरीच्या कठड्यावर बसतो तो रंग तिनं जन्मभर पाहिलाय. कलेच्या पुस्तकांत या खोलीवर पुष्कळ लिहिलंय, पण इतका नेमका शब्द मला कुठं सापडला नाही.

खोलीची गोष्ट मी तिला मांडणीपाशी उभं राहून सांगितली. हे मूळचं लंडनमधलं जेवणघर. लिव्हरपूलचे जहाजमालक फ्रेडरिक लेलँड यांचं. चिनी निळी-पांढरी भांडी मांडायला टॉमस जेकिल यांनी लाकडी मांडणी केली होती. चित्रकार जेम्स मॅकनील व्हिसलरकडे थोडंच काम होतं, पण मालक गावाला गेलेला असताना त्यांनी 1876 आणि 1877 मध्ये भिंतींवरच्या किमती चामड्यावर निळा रंग चढवला आणि सगळीकडे सोन्याचे मोर काढले. दोन हजार गिनी मागितल्या. लेलँड यांनी निम्मे दिले, तेही गिनींत न देता पौंडांत. गिनी एकवीस शिलिंगांची, पौंड वीसचा. कलावंताला गिनीत द्यायची रीत असताना हजार वेळा एकेक शिलिंग कापला गेला. मग व्हिसलरनी एका अख्ख्या भिंतीवर भांडणारे दोन मोर काढले आणि त्यातल्या एकाच्या पायाशी नाणी. आईनं ते नीट पाहिलं. "मजुरी बुडवली म्हणून त्याच्याच भिंतीवर लिहून ठेवलं. चांगलं केलं," म्हणाली. आमच्या आजोबांचे व्यापाऱ्याकडे अडकलेले द्राक्षाचे पैसे तिला आठवले असणार, कारण परतीच्या गाडीत ती त्यांच्याबद्दलच बोलत होती.

डेट्रॉइटचे चार्ल्स लँग फ्रीअर रेल्वेचे डबे बनवून श्रीमंत झालेले. 1904 मध्ये त्यांनी ही अख्खी खोली विकत घेतली आणि उचलून अमेरिकेत आणली. 1923 मध्ये म्युझियम उघडलं, तेव्हापासून ती इथं आहे. उजेडानं रंग उडतो, म्हणून दारं एरवी मिटलेली असतात. इतक्या वर्षांचा रंग माझ्या आईला मोरचूद म्हणून ओळखता आला, तो या बंद दारांमुळेच. माझी गुरुवारची तक्रार मी तिथंच सोडली.

बाकीच्याबद्दल थोडक्यात. चित्रपट मायर ऑडिटोरियममध्ये, तेही विनामूल्य. हिवाळ्यात तिथं इराणी चित्रपट लागतात. आईला पडद्यावरची इंग्रजी सबटायटल्स भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मी कुजबुजत अर्थ सांगायची तयारी केली होती. दहा मिनिटांत तिनं मला गप्प केलं. पडदा, जमीन, हवा, बाजार, गरम, ताजं: तिच्या कानाला एकेक शब्द लागत होता. जुन्या दरबारी कागदांतून आपल्या बोलण्यात मुरलेली फारसी तिला पडद्यावर भेटली. पुढच्या आठवड्यात जायचं का, हे तिनंच विचारलं.

मुलांसाठी 'इमॅजिनएशिया' नावाचे हस्तकलेचे वर्ग असतात. माझी लेक आठ वर्षांची. दालनात घडीचे जपानी पडदे बघून आल्यावर तिनं कागदाचा तसाच पडदा केला, त्यावर आजीला काढलं. साहित्य तिथंच मिळतं. गर्दी असते, लवकर जा.

दक्षिण भारताच्या दालनातली दहाव्या शतकातली चोळ राणीची ब्राँझ मूर्ती चुकवू नका. राणी सेंबियन महादेवी पार्वतीच्या रूपात, असं मानतात. आईनं चपला काढायच्या का म्हणून विचारलं. नको म्हटल्यावर हात जोडले.

एप्रिलचा तिसरा गुरुवार मी तिच्यासाठी आधीच राखून ठेवला होता. जायच्या आदल्या आठवड्यात ती म्हणाली, "त्या दिवशी नको. दारं बंद असतील तेव्हा ने." मला कळेना. रविवारी गेलो. खिडक्यांच्या दारांवर आतल्या बाजूनं सोन्याचे उंच मोर आहेत, पिसारा खाली सोडलेले. दारं उघडली की ते घडीत जातात. आम्ही उजेडाच्या दिवसांमागे लागलो आणि तिला मात्र पहिल्या शनिवारचे मोर हवे होते.

"माझ्या पैठणीच्या पदरावर बांगडी मोर आहेत ना," ती म्हणाली, "ते गोल करून बसवलेत. यांना पाय पसरायला जागा दिलीय." साडेपाच वाजत आले, पहारेकरी दोनदा येऊन गेला, तरी ती उजवीकडच्या मोरासमोरून हलली नाही. मग मला त्याचा फोटो काढायला लावला. येवल्याला तिची मावसबहीण मागावर बसते, तिला दाखवायला.